दाराबाहेरचे पाच गुण

मेडिकल कॉलेजच्या मुलाखतींना दाराशी स्टुलावर बसायचं आणि नावं पुकारायची, हे काम मावशी वीस वर्षं करत होत्या. खरं काम वेगळंच होतं. उमेदवार निघून गेला की मोठे सर त्यांना आत बोलावत आणि एवढंच विचारत, "बाहेर कसा होता?" माणुसकी म्हणे खुर्चीत बसून दिसत नाही. मावशी "बरा" म्हणाल्या की पाच गुण.

ही गोष्ट कुणा दीडशहाण्या क्लासवाल्याला कळली आणि मावशींच्या डोक्याला ताप झाला. सकाळपासून चौघांनी पाणी आणून दिलं होतं, नको नको म्हणत असताना. एकाने त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि उत्तर यायच्या आत सरांचा मूड विचारला.

त्यात आज भाचीची मुलाखत. बहीण गेल्यावर मावशींनीच तिला वाढवलं होतं. दोनदा हुकलं होतं, ही शेवटची संधी. वशिला लावला म्हणतील म्हणून मावशींनी घरीच बजावलं होतं, ओळख दाखवायची नाही, काही झालं तरी जागचं हलायचं नाही. आता अख्खी रांग मावशी मावशी करत होती आणि सख्खी भाची पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

अकराच्या सुमाराला उठताना गुडघ्याने दगा दिला. मावशी भिंतीला टेकल्या, हातातली यादी पडली. दहा जण धावले, एका कागदाला दहा हात. भाची तेवढी ढिम्म. सांगितलेलं ऐकायलाही काही हद्द असते, मावशी मनात चरफडल्या.

तिची मुलाखत झाल्यावर सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "बरी" म्हणायला काय जात होतं? पण वीस वर्षं खरं बोललेली जीभ ऐन वेळी वळेना.

"सगळे धावले, ही उठली नाही," त्या म्हणाल्या. "माझी भाची आहे ती. हलू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

सरांनी पेन खाली ठेवलं. नात्यातली उमेदवार म्हणजे आजचे गुण रद्द, उद्या दुसऱ्या परीक्षकांपुढे पुन्हा मुलाखत, असं त्यांनी सांगितलं. मावशी लंगडत दाराकडे वळल्या, तेव्हा कुठे सरांचं लक्ष गेलं.

"मावशी, गुडघ्याला काय झालंय?"

वीस वर्षांत पहिल्यांदा विचारत होते. मावशींना संतापाने हसूच आलं.

"उद्या तिलाच विचारायला सांगा, सर. रोज तीच शेकते."