खोकला देवाला वाहिला त्या वर्षी

डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "सिस्टर, उजव्या बाजूला वर कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसात पडलेलं भोक. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं नर्स आहे, असे एक्सरे मी स्वतः लोकांना दाखवले आहेत. खाली बेडक्याचा रिपोर्ट होता, स्प्युटम पॉझिटिव्ह. म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू, आणि माणूस खोकला की तेच जंतू हवेत.

मी घाईघाईने म्हणाले, "मला कुणाकडून लागला असेल त्यांची यादी देते. सात-आठ जण तर आत्ताच आठवतात."

डॉक्टर म्हणाले, "ती नको. तुमच्याकडून कुणाला लागला असेल त्यांची द्या."

गुरुवार होता. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा पाम संडे, तीन दिवसांवर आला होता. परभणीच्या त्या दवाखान्यात बाकड्यावर बसून मी यादी लिहायला घेतली आणि पहिल्याच नावाला माझा हात थांबला. पूनम, वय सहा, पहिली.

मी कॅथलिक धर्मभगिनी आहे. माहेर जालन्याकडचं. झरीच्या पुढे एका गावात आमचं छोटं कॉन्व्हेंट आहे, दवाखाना आहे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांच्या लेकरांसाठी वसतिगृह आहे. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर जातात आणि लेकरं आमच्याकडे ठेवतात. नाहीतर ती फडावर जातात, पाचटाच्या खोपीत झोपतात, शाळा सुटते ती सुटतेच. त्या वर्षी आमच्याकडे चाळीस लेकरं होती. मुलींच्या खोलीत झोपायला मी असायची. थंडीमुळे खिडक्या बंद ठेवायचो, तेही माझ्याच सांगण्यावरून.

माझा खोकला नाताळानंतर सुरू झाला. दोन आठवडे खोकला राहिला की बेडका तपासा, हे वाक्य मी गावोगाव इतकं म्हटलं आहे की लोक माझ्या मागे मागे म्हणतात. मग मी का नाही तपासला? हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. या दिवसांत आम्ही एकवेळ जेवतो आणि जे काही दुखेल-खुपेल ते येशूच्या क्रुसाला जोडून देवाला अर्पण करतो. लहानपणापासून अंगात मुरलेली ही गोष्ट आहे. मी माझा खोकला अर्पण केला. संध्याकाळचा बारीक ताप अर्पण केला. वजन सहा किलो उतरलं तेव्हा आमच्या सुपेरिअर, त्यांना आम्ही मदर म्हणतो, कौतुकाने म्हणाल्या, "या वर्षी तुमचा उपवास खरा झाला, सिस्टर." आणि मला बरं वाटलं! एखाद्या बाईने हेच सगळं मला दवाखान्यात येऊन सांगितलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं. देवाला काय वाहावं याची काही अक्कल असावी लागते. ती मला नव्हती.

त्या गुरुवारी बेडक्यात रक्ताची रेघ दिसली म्हणून मी दवाखाना गाठला होता. नाहीतर ईस्टरपर्यंत ओढलंच असतं.

सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एकीने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मळमळ होते, तोंडाची चव जाते, पहिले पंधरा दिवस जेवणाकडे बघवत नाही. ते सहन होतं. सहन न होणारी गोष्ट वेगळी होती. कॉन्व्हेंटच्या मागच्या खोलीत मला एकटीला ठेवलं आणि वसतिगृहातल्या लेकरांची तपासणी सुरू झाली.

पूनम त्या आधीचे दहा-बारा दिवस किरकिरी झाली होती. दुपारी झोपायची, डोकं दुखतं म्हणायची, खेळायला जायची नाही. आईची आठवण येते म्हणून असेल, असं आम्हीच ठरवलं. त्यात मीही होते. मी तर तिला जवळ घेऊन झोपवायची. रविवारी झावळ्या हातात घेऊन मुलं रांगेत निघाली तेव्हा ती दारातच उलटी करून खाली बसली. मी खिडकीतून पाहत होते. तिची मान ताठ होती. नर्सला दुरूनसुद्धा ते कळतं.

तिला त्याच दिवशी परभणीला नेलं. लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतात आणि तपासतात. टीबी मेनिंजायटिस. मेंदूभोवतीच्या पडद्याचा क्षय. लहान लेकरांना होतो तेव्हा फार वाईट होतो. हे सगळं मला दाराबाहेरून सांगण्यात आलं.

मी त्या दिवशी प्रार्थना केली नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिची आई मीरा कारखान्यावरून आली. नवरा दत्ता टोळीबरोबर तिकडेच थांबला होता. दोन दिवसांचा प्रवास, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे, आणि पोरगी डोळे उघडत नाही. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "घरात कुणाला टीबी होता का?" मीरा खरं बोलणारी बाई. म्हणाली, "माझ्या बापाला होता. वारला दोन साल झाले."

माझ्या आजाराबद्दल तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मदरनी गावात सांगितलं होतं की सिस्टरना न्यूमोनिया झालाय. बाकीच्या मुलींना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पालकांना सांगितलं गेलं की पूनमला टीबी निघाला, म्हणून सगळ्यांना देतोय. म्हणजे सहा वर्षांचं पोर वसतिगृहात रोग घेऊन आलं, असं झालं. मी मागच्या खोलीत होते, मला हे कळत होतं, आणि मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी माझी थुंकी तपासली, जंतू निघाले नाहीत. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मास्क लावून पूनमला पाहायला गेले. तिने डोळे उघडले होते. नाकात नळी होती. डावा पाय आणि डावा हात हलत नव्हते. मीराने मला बसायला जागा करून दिली आणि म्हणाली, "तुमाला बरं न्हाई, तरी आलात." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दवाखान्यातले वऱ्हांडे ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे, तिथे दिवस सरकत नाही. सकाळी राउंड, मग औषध, मग बाकडं. मीरा पाच आठवडे त्या बाकड्यावर होती. मे महिन्यात पूनम घरी गेली. धरून उभी राहायची, शब्द तुटक बोलायची. औषध वर्षभर चालणार होतं.

जूनमध्ये आमच्या गावच्या आशाताई दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "मीराला काढून दिलं की घरातून." सासू म्हणाली होती, रोग हिच्या माहेराचा, बापाकडून आणला, नातीला लावला, आता आमच्या घरात नको. दत्ताने आईचं ऐकलं. थोरल्या पोराला ठेवून घेतलं आणि मीराला लंगडी लेक देऊन मानवतला माहेरी सोडून आला.

मी मदरकडे गेले. म्हणाले, मला सांगायचंय. मदर दुष्ट बाई नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी माझ्यासाठी तीन महिने स्वतःच्या हाताने पेज केली होती. त्या म्हणाल्या, "रोग तुमच्याकडूनच गेला हे कुणी शपथेवर सांगू शकतं का? आणि हे गावात पसरलं तर पुढच्या दिवाळीला एकही लेकरू इथे राहणार नाही. चाळीस लेकरं फडावर जातील. त्याचा विचार करा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर मला झोप लागेना.

परभणीला फादरांकडे पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, "आजार हे पाप नाही, सिस्टर. तुम्ही जाणूनबुजून काही केलं नाही." त्यांनी क्षमा दिली. मी बाहेर आले तरी छातीवरचं ओझं तसंच. क्षमा मला मिळाली होती आणि घर मीराचं गेलं होतं. हा कसला हिशेब?

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही गरिबांमध्ये राहायला आलो, त्यांच्या ताटात जेवलो, त्यांच्यात येशू पाहायला शिकलो. हे सगळं मनापासून केलं. पण रोगराई त्यांच्याकडून आमच्याकडे येणार आणि औषध आमच्याकडून त्यांच्याकडे जाणार, हे मात्र मनात पक्कं बसलेलं. उलटं होऊ शकतं हे डोक्यात शिरलंच नाही. डॉक्टरांनी एक्सरे दाखवला तेव्हाही मी आधी त्यांचीच नावं मोजायला निघाले होते. मी स्वतःला सेविका म्हणवत होते आणि आतून मालकीणच होते.

मी एसटीने मानवतला गेले. मीरा बाजेवर पूनमचा पाय तेल लावून चोळत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. खोकला कधीपासून होता, कधी तपासला, लेक कुणाजवळ झोपत होती, न्यूमोनिया हे खोटं होतं, सगळं.

मीरा चोळायची थांबली नाही. पुन्हा हातावर तेल घेत म्हणाली, "माझा बाप मेला तवा पूनम तिथं नव्हतीच शिष्टर. मी लय डाव सांगितलं. कुनी ऐकलं न्हाई." मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? माझ्या सासूला सांगा. सगळ्याईसमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी पूनमला घेऊन आम्ही दोघी आमच्या गावात तिच्या सासरी गेलो. ओट्यावर सासू, दत्ता, शेजारच्या चार बाया. मी सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या पडतील, कुणी अंगावर येईल. तसलं काही झालं नाही. म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "शिष्टर, तुमी देवमानूस. हिचा संसार वाचावा म्हनून तुमी आपल्या अंगावर घ्यायलात. मला कळतंय की."

शेजारच्या बायांनी माना डोलावल्या. एकीने तर डोळे पुसले. मी जितकं सांगत गेले तितकी मी त्यांच्या नजरेत मोठी होत गेले. बारा वर्षं मी या गावात चांगुलपणा साठवला होता आणि आता तोच मला खरं बोलू देत नव्हता. मला इतका राग आला, स्वतःचाच, की मी पिशवीतून फाइल काढून दत्ताच्या हातात दिली. "तू दहावी शिकलास ना, दत्ता? वाच. मोठ्याने वाच."

दत्ताने वाचलं. माझं नाव, वय, रिपोर्ट, तारीख. मग पूनमचा कागद, त्याची तारीख. माझी आधीची होती. खाली कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचा तक्ता होता, म्हणजे रुग्णाच्या जवळ राहणाऱ्यांची नोंद. त्यात माझ्या नावाखाली पहिलंच नाव पूनमचं, आणि तिच्यापुढे आजार निघाल्याचा शिक्का. दत्ताने ती ओळ दोनदा वाचली.

"तीन महिने खोकलत व्हतात तुमी?" तो म्हणाला.

"हो."

"आन् आमच्या लेकराजवळ झोपत व्हतात."

"हो."

म्हातारी उठून आत गेली. दत्ताने फाइल माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. मग मीराला म्हणाला, "चल आत." मला बसा म्हणालं नाही कुणी. पाणीही विचारलं नाही. त्या गावात असं पहिल्यांदाच झालं, आणि मी तिथून निघाले तेव्हा कितीतरी दिवसांनी मला नीट श्वास घेता आला.

मदर म्हणाल्या होत्या तसंच झालं. या दिवाळीला अकरा लेकरं आली. बाकीची फडावर गेली. त्यांचं काय होतंय ते मला रोज आठवतं. मी खरं बोलले म्हणून सगळं नीट झालं, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पूनमचा पाय तसाच आहे. माझा कोर्स पुरा झाला, थुंकी स्वच्छ आहे, पण जिना चढताना धाप लागते ती आता राहणार.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. खोकला पंधरा दिवसांवर गेला की तपासा. तुम्ही डॉक्टर असा, शिक्षक असा, फादर-सिस्टर असा, आधी तुम्ही तपासा, कारण तुमच्याजवळ लोक विश्वासाने येऊन बसतात. आणि रोग निघाला तर तोंडाने सांगा. लपवलेल्या रोगाचा आळ दुसऱ्या कुणावर तरी जातो, आणि तो बहुतेक वेळा बाईवर जातो.

दत्ताची टोळी निघाली त्या सकाळी मी पूनमच्या उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले. ट्रॅक्टर भरला होता. मीराने गोळ्या घेतल्या, कोणती कधी द्यायची ते दोनदा म्हणून दाखवलं. मी विचारलं, अजूनही ठेवतेस का हिला, शाळा तरी होईल. दारं-खिडक्या उघड्या असतात आता.

"न्हाई शिष्टर," ती म्हणाली. "तुमी खरं बोललात, मी इसरनार न्हाई. पन लेकरू माझ्यापाशीच राहील."

मी बरं म्हणाले. ट्रॅक्टर सुरू झाला, तेवढ्यात ती वाकून म्हणाली, "तुमाला खोकला आला तर ह्या बारीला लवकर जावा दवाखान्यात. अकरा लेकरं हायत तुमच्यापाशी."

मी म्हणाले, "जाईन."