फिल्मवर दादाने काढलेला अंदाज

आमच्या सौंसरकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. मालक आणि व्यापारी यांचं जमेना, की दोघंही माझ्या मोठ्या भावाला बोलावतात. दादा एकदा बगीच्यात फिरणार, कोणाशी अवाक्षर बोलणार नाही, शेवटी किती माल निघेल ते एकदाच सांगणार आणि चप्पल झटकून चालू लागणार. त्यावर कोणी वाद घातलेला मी पाहिला नाही. मी पांढुर्ण्याहून जायचो तो निव्वळ हा खेळ पाहायला, आणि घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचो, चप्पल झटकण्यासकट.

या थंडीत तो फिरता फिरता मध्येच थांबला.

"झाडं दोन-दोन दिसून राहिले बे."

"मंग चांगलंच आहे ना! बगीचा दुप्पट झाला," मी म्हणालो. तोही हसला. पुढे रोज सकाळी डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि आमचं हसणं तिथेच आटोपलं.

नागपूरला एमआरआय झाला. मशीनमधून बाहेर येऊन दादा म्हणाला, "आतमंदी कोणीतरी टिनं ठोकून राहिलं होतं." शनिवारी संध्याकाळी फिल्म आणि इंग्रजी रिपोर्ट हातात आला. मेंदूचे डॉक्टर भेटणार सोमवारी. मधला अख्खा रविवार आमच्या अंगावर पडला.

रिपोर्टमधलं 'ट्यूमर' तेवढं मला कळलं. बाकीच्या शब्दांत मी दोनदा शिरलो आणि दोनदा रिकाम्या हाताने परत आलो. फिल्म मात्र ज्याला त्याला वाचता येत होती. दादाच्या घरी मी खिडकीपाशी दोन्ही हात वर करून ती उजेडात धरायची आणि आल्या-गेल्याने निदान करायचं. शेजारच्या काकूंना त्यात अक्रोड दिसला. समोरच्या निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसून सांगितलं, "गॅसेस असतील." माझे खांदे भरून आले होते. वहिनी चहावर चहा करत होती, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

दुपारी दादा आंघोळ करून आला. "धर नीट," म्हणाला. दोन-दोन दिसू नये म्हणून त्याने एक डोळा मिटला. फिल्मवर कवट्यांच्या रांगा होत्या आणि त्यातल्या बऱ्याच कवट्यांत एक पांढरा डाग. दादाचं बोट एकेका डागावरून सरकत होतं, ओठ हलत होते. हे मोजणं मी ओळखत होतो.

"पुरा बगीचा भरला आहे," तो म्हणाला. "एक असता तर काढला असता. इतके कोण काढन? मी नाई येत उद्या."

आणि चप्पल झटकून अंगणात गेला.

दादाने अंदाज सांगितला, म्हणजे विषय संपला, जन्मभराची सवय. वहिनीने गॅस बंद केला, पातेलं उगाच इकडून तिकडे ठेवलं. मास्तरही उठले.

सोमवारी सकाळी तो खरंच तयार होईना. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, जन्मभर नाटकं केली, आज एक कामाचं करा."

मी दादासमोर जाऊन उभा राहिलो. "दादा, घरात बसून अंदाज कधी सांगतला का तू? व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगते ना? मंग डॉक्टरच्याही तोंडावर सांग. 'सौदा नाई जमत' म्हण आन् वापस ये."

"लई चालू आहेस तू," तो म्हणाला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

वहिनी बस स्टँडपर्यंत आली. "मले फोनवर काही सांगू नका. तोंड पाहून ऐकीन मी."

डॉक्टर तरुण होते आणि आमच्याइतकेच थकलेले दिसत होते. दादाने उभ्यानेच आपला अंदाज सांगितला. ते हसले नाहीत.

"काका, मोजलं कसं?"

दादाने बोट फिरवून दाखवलं.

"हे सगळं एकच आहे. मशीन एकाच डोक्याच्या चकत्या पाडते अन् प्रत्येक चकतीचा फोटो काढते. गाठ जितक्या चकत्यांत येईल तितक्यांदा दिसेल."

दादा खुर्चीवर बसला. "मंजे आडवं कापलेलं एकच संत्रं?"

"एकच."

त्याने एक डोळा मिटून फिल्म पुन्हा पाहिली. एकदा मोजलेलं त्याला पुन्हा मोजताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

"सडकं आहे का?"

"कड साफ दिसते. काढता येईल असं वाटते. पण गाठ कोणत्या जातीची, ते काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

मला वाटलं, दादा चिडेल. पण त्याने मान डोलावली. बाहेर पडताना मला म्हणाला, "हा वरून पाहून सांगत नाई. याच्या हाताखाली ऑपरेशनले झोपतो मी."

बसमध्ये मला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि नीट भ्यायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

सौंसरला स्टँडवर वहिनी उभीच होती. दादा माझ्या खांद्याला धरून उतरला.

"एकच आहे," तो म्हणाला. "काढाचं ठरलं. कसं निघते ते मंग समजन."

वहिनीने त्याचं तोंड पाहिलं आणि मागच्या सिमेंटच्या बाकावर टेकली. "थांबा जरा. कालपासून बसली नाई मी."

दादा तिच्या बाजूला बसला. मी फिल्मचं पाकीट काखेत धरून उभा राहिलो. उजेडात धर, असं कोणी म्हणालं नाही.