पिंप्राळ्यातली भरती-ओहोटी

धुळ्याला माहेरी भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. शेजारच्या घरी फोन आलाय म्हणून पदराला हात पुसत धावले, तर पलीकडून ह्यांचा आवाज, "मंगल, लगेच निघ. घरात वाईट झालंय..." आणि खरखर होऊन लाइन तुटली. वाईट म्हणजे काय, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एकच माणूस खाटेवर होता, माझे सासरे, आबा. मी जळगावच्या एसटीत बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. खोटं कशाला लिहू, पहिला विचार मनात आला तो हाच, की चला, ताई सुटल्या! ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमिलाताई. खिडकीला डोकं टेकून मी तिथी मोजायला लागले. पुनव कधी, अवस कधी, थंडी आहे तोवर ताईंना सुरतेला कुठल्या दिवशी न्यायचं... पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत रिक्षातून उतरले तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या. मला बघून त्यांनी वाट करून दिली. आत आबा खाटेवर उशीला टेकून बसलेले, डोळे टक्क उघडे. आणि खाली, चटईवर, ताई.

सकाळी दूध तापवताना ताईंच्या छातीत कळ आली म्हणे, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं. दूध उतू गेल्याचे डाग शेगडीवर तसेच होते. त्याला आता महिना होत आला. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "किती केलं हो सासऱ्याचं, पुण्यवान बाई!" मला तो शब्द ऐकला की तळपायाची आग मस्तकात जाते. पुण्य वगैरे ठेवा बाजूला. त्या बाईला एक गोष्ट बघायची होती, साधी, बिनपैशाची म्हणावी अशी, आणि ती तिला बघायला मिळाली नाही. तेच सांगायला हे लिहितेय.

ताईंचं माहेर तेव्हाच्या एदलाबादजवळ, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरजवळ. हतनूरचं धरण झालं आणि फुगवट्याचं पाणी त्यांच्या केळीच्या बागांच्या बांधापर्यंत आलं. पाणी आलं आणि मागोमाग हिवाळ्यात पाखरं आली. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्या मला तिकडे घेऊन गेल्या. मी शाळेत शिक्षिका, सुट्टीत उशिरापर्यंत झोपायचं एवढाच माझा बेत! तर पहाटेच मला गदागदा हलवलं. साडीवर भावाचा स्वेटर, कानाला रुमाल, गळ्यात फौजेतून आलेल्या त्याच भावाची दुर्बीण, तिचं एक भिंग धुरकटलेलं. "ऊठ वं, पाहुणे आले," म्हणाल्या. मी घाबरून विचारलं, "कोण शे?" तर हसत सुटल्या. मी धुळ्याकडची, माझ्या तोंडात 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' बसलेलं, आणि त्यांना ते ऐकलं की गुदगुल्या व्हायच्या. पुढे जन्मभर मला चिडवायचं असलं की म्हणायच्या, "आली माही शे-शे."

पाणी धुक्यात होतं आणि त्यावर बदकंच बदकं. कुणाला काय म्हणतात हे त्यांना पुस्तकातलं ठाऊक नव्हतं, त्यांनी आपली नावं ठेवली होती. चक्रवाकाची जोडी म्हणजे 'नवरा-बायको', पाण्यावरचे काळे चांदवे म्हणजे 'काळ्या कोंबड्या'. गावातले लोक त्यांना हसायचे. एखादी म्हातारी विचारायचीच, "काय पाह्यते वं माय त्या पाखराइत? खायाले तं भेटत नई." ताई म्हणायच्या, "पाह्याले भेटते ना!" आणि त्या सगळ्या गर्दीपासून लांब, चिखलाच्या कडेला, एक उंच मातकट पक्षी एकटाच चालत होता. चोच अशी लांब आणि खाली वाकलेली, की तिच्या वजनाने तो तोंडावर पडेल असं वाटावं. ताई त्याला 'वाकडी' म्हणत. दरवर्षी तो एकटाच येतो, थांबतो आणि एक दिवस नाहीसा होतो. एकदा कॉलेजातले कुणी सर तिथे पक्षी बघायला आले होते. त्यांनी सांगितलं, बाई, हा कुरल. हा खरा समुद्रकाठचा पक्षी, वाट चुकून इकडे येतो. तुमची ही तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते ना, तिथे यांचे थवे असतात.

बस, तेवढं ऐकलं आणि बाईच्या मनाने घेतलं. "मंगल, इथी तो एकटा पडते वं. तिथी त्याचं बठ्ठं गणगोत असंल. मले ते एकदा पाह्याचं हाये. जवळून." 'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा शब्द खास माझ्याकडून उचललेला. सुरतेची गाडी तर जळगावहूनच जाते, मी म्हटलं, त्यात काय, पुढच्या हिवाळ्यात जाऊ!

पुढच्या हिवाळ्याच्या आधी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच अक्षर तोंडातून नीट निघायचं, "ना." आधी हा माणूस मोठा करारी. ताईंच्या गळ्यात दुर्बीण बघितली की म्हणायचे, बायांनी आभाळाकडे बघत हिंडू नये, पायाखाली बघावं. आता त्यांनी सगळ्यांच्या हातच्या घासाला 'ना' म्हटलं. मुलांच्या, माझ्या, कामाला ठेवलेल्या बाईच्या... घास पुढे केला की भिंतीकडे तोंड. फक्त ताईंनी भरवलं तर खायचे. का, ते देवाला ठाऊक. सगळ्यांनी कौतुक केलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. थोरले दादा, म्हणजे ताईंचे यजमान, कारखान्यात, हे ऑफिसात, मी शाळेत. ताई घरात. दिवसातून चार वेळा मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, चहा. चार वेळा म्हणजे मधल्या वेळात बाजारापर्यंत जाता येतं, माहेरी जाता येत नाही. फुगवट्याचं पाणीसुद्धा सुटलं. कार्तिकात कधी करकोच्यांची माळ जळगाववरून ओरडत गेली, तर ताई हातातला चमचा तसाच धरून गच्चीवर पळायच्या, आणि खालून आबांच्या खाटेचा आवाज आला की परत. एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. चमचा ताटलीत आपटला आणि म्हणाल्या, "मी काय खुट्याले बांधेल गाय हाये का?" आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा घास दिला.

शेवटी मीच भांडण काढलं. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, एक दिवस... एक दिवस तुम्ही दोघं भाऊ मिळून बापाला सांभाळू शकत नाही? लाजेकाजेने दोघे हो म्हणाले. पौषातल्या एका शनिवारी रात्री आम्ही दोघी जावा सुरतेच्या गाडीत बसलो. ताई रात्रभर खिडकीशी. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनचं नाव वाचून मला सांगायच्या, जशी काही मी कधी गाडीत बसलेलेच नाही. सकाळी सुरतेला उतरून बसने डुमसच्या किनाऱ्यावर पोहोचेस्तोवर अकरा वाजले. काळी वाळू, भज्यांच्या गाड्या, आणि समोर... चिखल. नुसता चिखल, नजर पोहोचेल तिथपर्यंत, आणि त्याच्यापलीकडे पाण्याची एक बारीक चकाकती रेघ. "समुद्र कुठी हाये वं?" ताईंनी विचारलं.

आम्ही तापीकाठच्या. पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, हा आमचा हिशेब. भरती-ओहोटी मी तर पोरांना शाळेत शिकवते, फळ्यावर चंद्राचं चित्र काढून! पण समुद्राला जायचं तर पाण्याची वेळ बघून जावं, हे आम्हां दोघींपैकी कुणाच्या टाळक्यात आलं नाही. गाडीची वेळ तेवढी बघितली. पक्षी होते, खूप होते, पण पाण्याच्या त्या रेघेशी. दुर्बिणीतून तिळासारखे दिसायचे, आणि ऊन चढलं तसे तेही थरथरायला लागले. ताई चिखलात घोट्यापर्यंत गेल्या, पुढे जाववेना, परत आल्या. भजी तळणारी बाई बघत होती. ती हसून म्हणाली, "सांजे आवजो, बेन. पाणी आवशे एटले पंखी पण आवशे." संध्याकाळी पाणी काठाला येतं, चिखल बुडतो आणि सगळे पक्षी या बांधाशी येऊन बसतात म्हणे, इतके जवळ की दुर्बीण नको. पण संध्याकाळी आमची परतीची गाडी होती. ताईंनी त्या बाईला खोदून खोदून विचारून घेतलं. पुनवेला आणि अवसेला दुपारी चहाच्या वेळेला पूर्ण भरती, पुढे रोज पाऊण तास उशिरा. आम्ही त्या दिवशी नेमक्या सप्तमीला येऊन टपकलो होतो. निघायची वेळ झाली तेव्हा पाणी वळून काठाकडे सरकायला लागलं होतं. आणि लांबून, त्या पाण्याकडून, एक शीळ आली. लांब, वर चढत जाणारी. वाकडीची! ताईंनी माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. "ऐकलं का वं? ऐकलं का?" दिसली मात्र नाही. बस लागली होती.

पहाटे घरी आलो तर घर जागं. आबांनी आदल्या दिवसभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं, पाण्यालासुद्धा नाही. ताईंनी चपलाही काढल्या नाहीत, तशाच वाटी घेऊन खाटेशी बसल्या. त्यांना कुणी बोललं नाही, ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ताईच म्हणाल्या, "आता नई. मंग पाहू." तेव्हापासून आमच्या घरात 'मंग' म्हणजे कधी, ते सगळ्यांना कळायचं. आबांनाही कळत असणार. मी त्या म्हाताऱ्याचा राग राग केला, अजून करते, स्पष्टच लिहिते. ताईंच्या तोंडून मात्र त्याच्या मरणाचं अवाक्षर कधी निघालं नाही.

पण त्यांनी दुसरंच सुरू केलं. रोज आबांना भरवायला बसताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, मनात हिशेब करायचा आणि सांगायचं, "आबा, आता ओहोटी हाये. पाखरं लांब गेले. उघडा तोंड." नाहीतर, "आबा, भरती लागली. वाकड्या काठाले आल्या. उघडा." पिंप्राळ्यातल्या त्या खोलीत, जिथून समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही दिसत नाही, तिथे चार वेळा डुमसचं पाणी यायचं आणि जायचं. मी म्हणायची, "ताई, कोणाला सांगता? त्यांना काय कळतंय?" त्या म्हणायच्या, "मलेच सांगते वं. त्याइच्या निमित्ताने." मला वाटायचं, चला, बाई आपलं मन रमवते.

ताई गेल्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आबांनी काही घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल. तिसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन बसले, डोळे रडून सुजलेले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माझी नजर कॅलेंडरवर गेली आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "आबा, भरती लागली." त्यांनी मान वळवली. आणि तोंड उघडलं. घरातले सगळे म्हणाले, बघा, मंगलला आपलं मानलं! मी शाळेत रजा टाकली. मग वाढवली. बिनपगारी केली. चार वेळा खिचडी, भाकरी, चहा... एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना खालून खाट करकरली आणि मी पिळा हातात घेऊन धावले, तेव्हा जिन्यातच थांबले. ताई अशाच धावायच्या. ताई सुटल्या त्या अशा, आणि त्यांच्या जागी आता मी होते. पुढची कित्येक वर्षं मला त्या जिन्यातच दिसली.

गेल्या रविवारी दुपारी ह्यांच्या हातात वाटी दिली. म्हटलं, बाप तुमचा आहे, बसा. आधी नाही-नाही केलं, मग बसले. मी शिकवलं होतं तसं, वर्गात धडा वाचावा तसं म्हणाले, "आबा, भरती लागली." आबा म्हणाले, "ना." परत म्हणाले. परत "ना." चमचा ओठाला लावला तर ओठ घट्ट मिटलेले. हे वैतागले, "बघ, तुझ्याशिवाय खात नाहीत, घे बाई तूच." मी स्वयंपाकघरातून आले आणि कॅलेंडर बघितलं. षष्ठी. म्हणजे भरती संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. या घटकेला तिथे पाणी पार आत गेलेलं, नुसता चिखल. मी आबांकडे बघितलं. ते कॅलेंडरकडे बघत होते... इतकी वर्षं ताई स्वतःलाच सांगत नव्हत्या. खाटेवरचा हा माणूस रोज त्यांच्याबरोबर त्या काठावर जात होता, आणि ते त्यांना कधी कळलं नाही, याचंच मला आता सगळ्यात जास्त रडू येतं.

"अहो, चुकलं तुमचं," मी म्हटलं. "आत्ता ओहोटी आहे. पाखरं लांब गेलीत म्हणा." ह्यांनी मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे वळले आणि हळूच म्हणाले, "ओहोटी आहे, आबा. पाखरं लांब गेलीत." आबांनी तोंड उघडलं. पहिला घास ह्यांच्या हातून अर्धा आबांच्या बनियनवर सांडला, अर्धा आत गेला. दुसरा नीट गेला. मी खिळ्यावरची ताईंची दुर्बीण काढली आणि पदराने तिची धूळ पुसली.

येत्या पुनवेला मी डुमसला जातेय, एकटी. त्या दिवशी दुपारी चहा पाजताना काय म्हणायचं, ते ह्यांच्याकडून घोकून घेतलंय. भरती लागली, आबा, वाकड्या काठाला आल्यात. आजवर ते कॅलेंडर बघून सांगत आलो. त्या दिवशी मी तिथे उभी असेन.