अव्वानं विचारलं, इंद्रियं किती?

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या बाजारात तंबाखूचा भाव पाडत होतो. सौदा पुरा केला, मगच बेळगावला निघालो. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, कुणासाठी आपलं काम थांबवलं नव्हतं, आईसाठीसुद्धा नाही…

तो बेळगावात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याच्या शिक्षणासाठी मला शाळेतून काढून वखारीत बसवलं. तो राग मी पचवला. आईपायी आलेला हा पचत नाही. सुट्टी लागली की तो कारवारच्या किनाऱ्यावर जायचा आणि खडकाला चिकटलेले बार्नॅकल खरवडून आणायचा. पांढऱ्या, टणक कवचाचे समुद्री जीव, बोटाच्या पेरापेक्षा लहान. आम्ही जैन, जीव मारणं पाप. पण घरी सगळ्यांना वाटायचं, हा रिकामे शंख गोळा करतो. आमच्या आईला, अव्वालाही तसंच वाटायचं.

एकदा हौसेनं त्यानं समुद्राच्या पाण्यात बुडवलेला जिवंत बार्नॅकलांचा दगड तिच्यापुढं ठेवला. शंखच की रं, ती म्हणाली. तिथं गप्प बसायचं होतं. गिऱ्हाइकाचं समाधान झालं की दुकानदार तोंड उघडत नाही. पण हा मास्तर. जुन्या शास्त्रज्ञांनीही ह्याला शंख-शिंपल्यांत घातलं होतं, मग पोहणारी पिल्लं बघितली आणि खेकडा-कोळंबीच्या कुळात नेलं, असं सांगत बसला. हा डोकं खडकाला चिकटवून जन्मभर उलटा राहतो, पायांनी तोंडात घास ओढतो… अव्वानं हात पुढं केला. सावली पडताच सगळ्या कवचांची दारं मिटली.

"दिसतंय व्हय त्याला? मग इंद्रियं किती?" आमच्यात जिवाची पायरी इंद्रियांवरून ठरते, जितकी जास्त तितकं मारण्याचं पाप मोठं; शंखाला दोन, हे तिला पाठ होतं.

"दोनात न्हाय बसत, अव्वा."

"आणि तू त्याचं काय करतोस?"

कुठल्या जातीचा ते ठरवायला कवच उघडून आतलं बघावं लागतं, त्यात तो मरतो, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

त्या दिवसापासून अव्वानं त्याच्या घरचं पाणीही वर्ज्य केलं. ती माझ्याकडं राहायची; तो यायचा, तिच्या पाया पडायचा, पण काम सोडेना. तो गेला की तिचं जेवण ताटात तसंच राहायचं. ते मी बघायचो, तो नाही. शेवटी त्याला वखारीत गाठलं.

"सोडलं म्हणून सांग की. मी दिवसभर खोटं बोलतोय, तुला एक जमंना?"

"अव्वाशी?" एवढंच म्हणाला.

थोरल्याच्या घरी एकदा जेवायचं होतं रं, असं मला म्हणून अव्वा गेली. आणि आता अण्णाच्या शोकसभेत त्याचे विद्यार्थी त्याच्या खरेपणाचे गोडवे गात होते. मी उठून बाहेर आलो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पितळी ताट आणि तांब्या होता, लख्ख. ह्यात कधी कुणाला वाढलं नाही, वहिनी म्हणाल्या. अव्वा जेवायला येईल म्हणून अण्णा स्वतः चिंच लावून उजळायचा, ती गेल्यावरसुद्धा. माझं डोकंच फिरलं. अण्णा, एवढी चिंच घालवलीस, पण एक खोटा शब्द खर्चला नाहीस…

ते ताट मी मागितलं. वहिनी नाही म्हणाल्या. मी पुन्हा मागितलं नाही.