मोनप्पाचे नवस

मोनप्पा कोट्यान टेलरचा हात पहिल्यांदा थरथरला तो एका नवरीच्या ब्लाउजवर. सुईत दोरा काही केल्या जाईना. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. पुढे पाय जड झाले, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, चेहऱ्यावरचं हसूही हळूहळू आटलं. उडुपीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून नाव सांगितलं. त्याची बायको वारिजा त्याला नुसता 'कंप' म्हणे.

शिवणकाम सुटलं आणि घर वारिजाच्या मोगऱ्यावर आलं. विहिरीभोवती साठेक झाडं, तिनं स्वतः लावलेली, सुक्या मासळीचं खत घालून वाढवलेली. पहाटे कळ्या खुडायच्या, केळीच्या सोपटाच्या दोरीत ओवायच्या आणि दहाच्या आत फुलांच्या एजंटाकडे पोचवायच्या. हे तिचं वर्षाचे बाराही महिने चाले.

मग गेल्या आषाढात डॉक्टरांनी एक नवी गोळी जोडली, दिवसातून तीनदा. पंधरा दिवसांनी एका सकाळी मोनप्पानं शर्टाची बटणं आपली आपण लावली, वरपासून खालपर्यंत. वारिजा न्हाणीत जाऊन रडून आली. महिन्याभरात तो मशीनवर बसला. देवी पावली, असंच तिला वाटलं.

नवस सुरू झाले ते त्यानंतर.

पहिला शेजारच्या अप्पीच्या गाभण गाईसाठी. अप्पीनं काही म्हटलंसुद्धा नव्हतं. मग बसमध्ये शेजारी बसलेल्या कुठल्याशा बाईच्या मुलाच्या परीक्षेसाठी देवीला चांदीचे डोळे. मग स्वतःच्या वजनाइतक्या नारळांची तुला. सकाळची गोळी घेऊन, पेज पिऊन तो देवळाकडे निघे. भटजी प्रसादाचं तबक हातात धरत, मोनप्पाचं नाव घेऊन त्याचं बोलणं देवीला मोठ्यानं सांगत. भटजींच्या तोंडून एकदा गेलं की ते मागे घेता येत नाही. फेडावंच लागतं. फेडत होती वारिजा, कळ्या ओवून.

"वारिजक्का, नशीबवान आहेस," अप्पी म्हणायची. "तुझा देवळात तरी जातो. माझा रोज संध्याकाळी गुत्त्यात नवस फेडतो!"

वारिजा हसायची. देवाच्या कामाला नको कसं म्हणायचं? तसं मनात आलं तरी ती दोन्ही कानांना हात लावी.

गणपतीच्या चवथीनंतर डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, "या गोळीनं काहींना नाद लागतात. जुगार? दारू? सारखी खरेदी? बायकांच्या मागे लागणं?"

वारिजाला रागच आला. "डॉक्टर, देवमाणूस आहे तो! देऊळ सोडून कुठे जात नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तीच गोळी पुढे लिहून दिली.

नवरात्र संपलं. एका मंगळवारी वारिजा विहिरीवर पाणी शेंदत होती. मोनप्पा देवळातून आला आणि मोगऱ्याच्या झाडांकडे बघत उभा राहिला.

"शुक्रवारी भटजींना सांगणार आहे. पुढच्या उत्सवापर्यंत या बागेतलं प्रत्येक फूल देवीचं."

"प्रत्येक?"

"एक कळी विकायची नाही."

दोर तिच्या हातातून सटकला. घागर खाली जाऊन आपटली. "अहो, मग खायचं काय? आणि हा नवस आहे तरी कशासाठी?"

मोनप्पा विचारात पडला. कपाळाला आठ्या घालून त्यानं खरंच आठवून पाहिलं. "ते अजून ठरलं नाही."

मागणं नाही आणि नवस आहे, असं वारिजानं जन्मात ऐकलं नव्हतं. दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. अडवावं तर देवीचा कोप, न अडवावं तर चूल बंद.

गुरुवारी ती एकटीच गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. बाकावर मलपेची एक मासेवाली बसली होती, बाबी नावाची. तिच्याही नवऱ्याला कंप.

"आता बरा चालतो गं," बाबी म्हणाली. "चालतो तो थेट कोंबड्यांच्या झुंजीला! आयुष्यात कधी पैज लावली नव्हती. गोळी घेतली की तासाभरात पायात चप्पल. डॉक्टर म्हणतात, हे सगळं त्या गोळीचं."

"कोणती गोळी?"

बाबीनं पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. तेच निळं पाकीट. आणि तासाभरात! मोनप्पा आठला गोळी घेई, नऊला देवळात असे.

आत गेल्यावर ती बसलीच नाही. "डॉक्टर, मागच्या खेपेला मी चुकीचं सांगितलं." आणि तिनं नवसांचं सगळं सांगून टाकलं.

"चूक माझीही आहे," डॉक्टर म्हणाले. "मी जुगाराचं विचारलं, देवळाचं विचारलंच नाही. एकदम बंद करता येणार नाही, हळूहळू कमी करू. आजपासून दुपारची अर्धी. थरथर थोडी परत येईल. आणि त्यांना सांगून करा, लपवून नाही."

तेच अवघड होतं. भक्तिमान माणसाला कसं सांगायचं, की तुझी भक्ती गोळीतून येते? दुपारी ती मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि जमिनीकडे बघत एका दमात बोलली.

मशीन थांबलं. मोनप्पानं मान वर केली.

"मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं ना, तसं होतं. बोलून टाकल्याशिवाय छाती मोकळी होत नाही. आणि पायऱ्या उतरलो की आत काही उरत नाही. देवीसुद्धा नाही." त्यानं आपले हात पालथे करून पाहिले. "बटणं परत तू लावणार?"

"लावीन."

"आणि हे मशीन?"

तिनं अर्धी गोळी पुढे केली. त्यानं ती घेतली.

शुक्रवारी तो म्हणाला, "जायला हवं." अर्ध्या गोळीनं एका दिवसात काय होणार होतं? ती सोबत गेली.

"या कोट्यान!" भटजींनी तबक उचललं. "तुमच्यामुळे देवीला सुट्टी म्हणून नाही, महाराज! बोला, आज काय सांगू?"

मोनप्पाचे ओठ हलले. वारिजानं डोळे मिटले. आई, याचं ऐकू नकोस, माझं ऐक.

काहीच ऐकू येईना म्हणून तिनं डोळे उघडले. मोनप्पानं उपरण्याचं टोक तोंडात घट्ट धरलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं बोट वारिजाकडे केलं.

"तुम्ही सांगता?" भटजींनी विचारलं.

"आज मागायचं काही नाही, द्यायचं काही नाही," वारिजा म्हणाली. "आम्ही दोघं आलोत, एवढंच सांगा."

"असं कसं सांगू?"

"असंच सांगा."

भटजींनी दोघांची नावं घेतली आणि तेवढंच सांगितलं. तीर्थ घेताना मोनप्पाचा हात इतका थरथरला की वारिजानं खाली आपली ओंजळ धरली.

शेवटच्या पायरीवर तो थबकला आणि मागे वळून गाभाऱ्याकडे बघू लागला.

"वारिजा, धर मला."

तिनं मनगट पकडलं.

"पुढच्या शुक्रवारी परत असंच होईल."

"मग पुढच्या शुक्रवारी पण मीच सांगेन," ती म्हणाली. तिचा आवाज काही तिला स्वतःला खात्रीचा वाटला नाही. पण मनगट तिनं सोडलं नाही, ते थेट घरच्या विहिरीपर्यंत.