बापूजींची मोटार आणि झोपवलेला पहारेकरी

बापूजी मोटार चालवायला बसले की ऑफिसात कुणी खोकतसुद्धा नसे. मोटार कॉम्प्युटरमधली होती, पण बापूजींचा राग अस्सल होता. ते आमच्या सेठचे वडील. रोज जेवण उरकून यायचे, मला खुर्चीवरून उठवायचे आणि शर्यतीचा गेम लावायचे. माझ्या आधीचा ऑपरेटर त्यांच्याच एका शब्दावर गेला होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने बापूजींपेक्षा जास्त पॉइंट काढले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या एका साडी डिझाईनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बुट्टे आणि किनारी काढायचो. लिंबायतच्या आमच्या गल्लीत बाकी सगळे लूमखात्यात, यंत्रमागांवर. एसीत बसून पगार घेणारा मी एकटा. आई शेजारणींना माझी नोकरी नव्या पाटल्यांसारखी दाखवायची.

मग शेजारच्या ऑफिसात व्हायरस शिरला आणि त्यांची सगळी डिझाईन्स पुसली गेली. आमच्या सेठची झोप उडाली. त्याने इंजिनियर बोलावून व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम टाकून घेतला. मशीन सुरू झालं की हा पहारेकरीही जागा व्हायचा आणि उघडणारी प्रत्येक फाईल तपासत बसायचा. डिझाईन उघडायला थोडा वेळ लागला तर चालत होतं. बापूजींची मोटार मात्र पहिल्याच वळणावर कुंथायला लागली.

"ए मराठे, मेरी गाडी बैलगाडी कैसे हो गई?"

"बापूजी, वो नया प्रोग्राम..."

"मुझे प्रोग्राम मत सिखा. शुक्रवार तक सुधार, नहीं तो जा, बाप के साथ लूम चला."

पहारेकरी झोपवला तर सेठ काढणार, नाही झोपवला तर बापूजी. घरी ताटावर बसल्या बसल्या बापाला सगळं सांगितलं. बाप लूमवर पंचवीस वर्षं उभा होता. आडवा धागा तुटला की माग थांबवणारा एक काटा असतो; मीटरवर मजुरी घेणारे कारागीर तो काटा गुपचूप दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे माग थांबत नसे. बाप त्यांतलाच.

"बांधी टाक," भाकरी मोडत तो म्हणाला. "पन मंग काटानी जागावर तूच उभा ऱ्हाय."

शुक्रवारी सकाळी मी मशीन सुरू होताना वाचली जाणारी फाईल उघडली आणि पहारेकऱ्याला जागं करणारी ओळ बंद करून टाकली. दुपारी मोटार सुसाट! बापूजी खुर्चीत डावी-उजवीकडे कलत होते. मी मागे उभा राहून घाम पुसत होतो. बाहेरून फ्लॉपी आली की माझ्या हातात आली पाहिजे, हे मी शंभरदा घोकलं होतं.

आणि जिन्यात सेठचा आवाज आला. सोबत मार्केटातला एक व्यापारी, आणि व्यापाऱ्याच्या खिशात फ्लॉपी.

"बापूजी, दो मिनिट उठो. पार्टी की किनारी देखनी है," म्हणत सेठने स्वतःच व्यापाऱ्याची फ्लॉपी आत ढकलली.

शहाण्या माणसाने "मशीन अडकलंय" असं सांगितलं असतं. मी टेबलाखालच्या स्विचवर लाथ मारली आणि नाटकातल्यासारखा ओरडलो, "लाईट गई!"

स्क्रीन काळी झाली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. बापूजींनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. मी फ्लॉपी बाहेर काढली, मशीन लावलं, ती ओळ पुन्हा चालू केली, मशीन परत एकदा सुरू केलं. सेठ पाठीशी उभा. "इतना क्या टाइप करता है?" "चेक करता हूँ, सेठ." तीन वेळा चुकीची बटणं दाबली. मग फ्लॉपी आत घातली.

मशीनने अशी शिट्टी मारली की व्यापारी खुर्चीतून उठला. लाल पट्टी. व्हायरस.

सेठचा चेहरा उजळला. "देखा? प्रोग्राम का पैसा वसूल!" व्यापाऱ्याला चहा पाजून, त्याची फ्लॉपी दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखी धरून त्याने परत केली. तो गेल्यावर सेठ माझ्याकडे वळला.

"लाईट गई थी, तो पंखा कैसे चालू था?"

गल्ली, आई, लूम, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मेरा पैर लगा," बापूजी म्हणाले.

बापापुढे सेठ काय बोलणार? तो केबिनमध्ये गेला. बापूजींनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"चौकीदार को तूने सुलाया था?"

मी मान डोलावली.

"तो कल से दो बजे सुलाना, तीन बजे जगाना. और तू दरवाजे पे."

अशी माझी नोकरी टिकली. पुढची दोन वर्षं रोज एक तास मी दारात उभा, कान जिन्याकडे, आणि आत म्हातारा आरोळ्या ठोकत शर्यती जिंकतोय. एकदा न राहवून विचारलं, "बापूजी, सेठने पकडा तो?"

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "तो बोलूँगा, तूने किया."