न भाजलेला रंग

फोन आला तेव्हा मी इथल्या देशी दुकानात ‘भेंडीचे शेंडे मोडू नयेत’ या पाटीखाली उभा राहून भेंडीचे शेंडे मोडत होतो. एमी होती. “काका, आई गेली. सकाळी, झोपेतच.” मग म्हणाली, “तुमचा गणपती करून ठेवलाय तिनं. शेल्फवर वाळतोय.” मी टोपली तिथेच ठेवली आणि पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो...

एमीची आई सायोको, मूळची जपानची, इथे पार्सिपनीत आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायची. म्युझियमवाले तिला सिरॅमिक आर्टिस्ट म्हणत, ती स्वतःला कुंभारीण म्हणायची. नाव होतं ते तिच्या झिलईसाठी, म्हणजे भांड्यावर चढते त्या काचेच्या कातडीसाठी. तिच्या एका वाडग्यावरचा निळा बघून दुसऱ्या दिवशी आकाशानं रजा टाकली होती, हे मी शपथेवर सांगतो. माझी बायको नीला म्हणते, ढग होते. गॅरेजमधली भट्टी पेटली की आजूबाजूच्या खारी हिवाळा रद्द समजून अक्रोड पुरायचं थांबवत. वयानं ती माझ्यापेक्षा मोठी, पण इथे सगळे मला काका म्हणतात, म्हणून तिनंही मला ‘काका-सान’ करून टाकलं होतं.

एका वर्षी आमच्याकडचा गणपती तिनं पाहिला आणि न सांगता पुढच्या वर्षीचा स्वतः घडवून आणला. काय मूर्ती होती... पोटावर हिरवट निळी झिलई ओघळलेली, सोंडेच्या टोकाला तिचा एक थेंब थिजलेला. दीड दिवसांनी घरामागच्या लाकडी डेकवर बादलीत विसर्जन केलं. संध्याकाळी बघतो तर बाप्पा बसलेलेच. दुसऱ्या दिवशीही बसलेले, उलट आंघोळ करून जास्तच तुकतुकीत. मग लक्षात आलं, बाईनं देव भट्टीत भाजला होता. नीला म्हणाली, “आता ‘पुढच्या वर्षी लवकर या’ कसं म्हणायचं? आधी जायला तर हवेत.”

सायोकोला बोलावलं. मातीनं परत माती व्हायचं असतं, हे नीलानं तिला समजावलं. ती बादलीत बघत राहिली. मग म्हणाली, “माती परत माती होऊ नये म्हणून मी जन्मभर राबले, काका-सान.” आणि अशी हसली की पेनसिल्व्हेनियात काचा हलल्या असतील.

त्यानंतर दर वर्षी ती कच्चा गणपती द्यायची. पण झिलई लावल्याशिवाय तिला राहवत नसे. “पाहुण्याला उघडं कसं पाठवू?” कच्च्या झिलईला रंग नसतो, ती राखेसारखी दिसते. रंग आगीतच उमलतो. आपलं उत्तमातलं उत्तम ती अशी राख म्हणून लावायची आणि आमच्या डेकवर बसून ते विरघळताना बघायची.

या वर्षीचा गणपती एमीनं हातात दिला आणि म्हणाली, “ही झिलई नवीन आहे. मिश्रण तिच्या डोक्यातच होतं, तुकड्यावरसुद्धा भाजून पाहिलेली नाही. तिच्या हातचं शेवटचं आहे हे. भट्टी अजून चालू आहे, काका. तुम्ही सांगाल तसं करू.”

मला तो भाजून हवा होता. दिवाणखान्यात कुठे ठेवायचा, लाइट कुठून पाडायचा, इथपर्यंत माझं ठरलं होतं. देवाची समजूत मी काढली असती, त्याचं माझं बरं आहे. नीला स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, तिला भाजायचा असता तर तिनं भाजला नसता का? तिच्या गॅरेजमध्ये भट्टी होती, आपल्या नाही.”

मी दोन दिवस बोललो नाही. पार्सिपनीच्या इतिहासात इतकी शांतता कधी नव्हती.

चतुर्थीला पूजा झाली, दुसऱ्या दिवशी एमीनंच दोन्ही हातांनी त्याला पाण्यात सोडलं. आधी झिलई सुटली, पाणी दुधाळ झालं. मग सोंड गेली, मग कान... कुठलीही खळखळ न करता बाप्पा गेले. एमी बराच वेळ बादलीपाशी उकिडवी बसली होती. मग तिनं विचारलं, “कुठला रंग आला असता?”

“निळा,” मी म्हणालो.

“हिरवा,” नीला म्हणाली. “कोवळ्या चिंचेचा.”

“तुला झिलईतलं काय कळतं?”

“तुम्हाला किती कळतं ते माहितीये मला.”

तेव्हापासून रोज सकाळच्या चहाला हा वाद असतो. एमी आली की तीही पडते त्यात, तिचं म्हणणं तपकिरी. काल नीला जरा नरमली, “असेलही निळा,” म्हणाली. मला धस्स झालं. मी ताबडतोब जांभळ्यावर गेलो.